दोनदा ठोका

मी एक जुना प्राणवायूचा कक्ष आहे. आडव्या पिंपासारखा, तोंडाशी जाड काचेची खिडकी. मित्रांनो, माझ्या पोटात रोगी झोपतो आणि मी दाब वाढवून त्याला शुद्ध प्राणवायू देतो. दुखऱ्या भागात तो एरवीपेक्षा जास्त पोचतो.

एकदा वाद्यं दुरुस्त करणारे एक आजोबा आले. मधुमेह होता आणि उजव्या कानातला संसर्ग हाडापर्यंत पोचला होता. त्या कानाने ऐकू येईनासं झालं होतं आणि डावा आधीच अधू होता. उजवा कायमचा गेला, तर सूर जुळवणं सुटणार होतं. मला चालवणाऱ्या ताईंनी त्यांना बजावलं, "आत त्रास झाला तर दोनदा ठोका."

पण आजोबांची खोड जाईना. आत गेले की बोटाच्या पेराने माझी भिंत वाजवायचे आणि तिला उजवा कान लावायचे. ताई हातातलं काम टाकून धावत यायच्या.

"काही नाही, याचा सूर पाहतोय," आजोबा आतल्या फोनवर म्हणायचे. ताई कपाळाला हात लावायच्या.

आत जाण्याआधी खिसे रिकामे करावे लागतात. आठव्या दिवशी आजोबांच्या खिशातून संसर्गावरच्या गोळ्यांचं न फोडलेलं पाकीट निघालं.

"आजोबा, गोळ्या बंद केल्यात?"

"रोज या पिंपात झोपतो ना? मग गोळ्या कशाला?"

"हा नुसता मदतनीस आहे हो. खरं काम औषधाचं. डॉक्टरांना आत्ताच सांगते."

मला वाईट वाटलं, पण ताईंचं म्हणणं खरं होतं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

पुढे काही आठवड्यांनी आजोबांनी भिंत वाजवली, कान लावला आणि तसेच पडून राहिले. ताई धावत आल्या. आजोबांचे डोळे भरले होते.

"ऐकू आलं," ते म्हणाले. "याचा सूर जरा उतरलाय."

त्या दिवसाइतका आनंद मला पुन्हा झाला नाही. पुढे वरच्या मजल्यावर नवा कक्ष आला. ताई तिकडे गेल्या. मी मोडक्या खुर्च्यांबरोबर अडगळीत पडलो. अंगावर चादर आहे, खिडकीवर धूळ आहे. दिवसचे दिवस कुणी फिरकत नाही.

मित्रांनो, कानाचं दुखणं अंगावर काढू नका आणि औषध मध्येच सोडू नका. ज्याने कधी तुम्हाला आधार दिला, त्याची अधूनमधून विचारपूस करा. त्रास झाला तर दोनदा ठोकायचं, हे मी इतक्यांदा ऐकलंय. पण मला ठोकता येत नाही.