गोल झाल्यावर गप्प राहणारी गल्ली

जावई फरशी बसवणारा होता, आणि दुसऱ्या देशातला. त्याच्या देशात फुटबॉलचा विश्वचषक लागला की लोक घर डोक्यावर घ्यायचे. गोल झाला की ओळख ना पाळख, जो समोर येईल त्याच्या गळ्यात पडायचे. लग्नानंतर पहिल्यांदाच तो सामने बघायला बायकोच्या माहेरी आला आणि चक्रावून गेला.

सासरे शिंपी. दुकानाशेजारच्या खोलीत शिलाई मशीन भिंतीकडे सरकवून सगळे टीव्हीसमोर बसले होते. टीव्हीचा आवाज बंद. खिडक्या बंद. भर दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं, पण घरोघरी सामना चालू होता.

"आमच्याकडे असंच बघतात," बायको हळूच म्हणाली. "गोल झाला तरी ओरडू नकोस."

"परीक्षेला बसल्यासारखं? मग बघायचं तरी कशाला?"

तिने टीव्हीकडे बोट दाखवलं.

तिच्या देशाने गोल केला. कुणी हललंसुद्धा नाही. पण जावयाला जन्माची सवय, तो उठून उभा राहिला आणि छातीभर ओरडला, "गोल!"

मग लांबून, नदीच्या बाजूने, उत्तर आलं. बरेच तरुण गळे एकदम ओरडले होते.

"बघा, ओरडतात की लोक," तो हसत म्हणाला.

कुणी हसलं नाही. सासऱ्यांच्या हातातली मापाची टेप जमिनीवर पडली.

"तिकडे कुणी राहत नाही," बायको म्हणाली. "मागे जिंकलो तेव्हा पोरं पुलावर नाचायला गेली होती. दादाही. तो पूल त्यांच्यासकट पडला."

मेव्हणा अपघातात गेला, एवढंच जावयाला माहीत होतं.

सासूबाई उठल्या, खिडकी सताड उघडली आणि त्याच्याकडे वळल्या. "परत ओरडा."

"नको," सासरे म्हणाले. "ओरडलं की तिकडून उत्तर येतं, म्हणून तर सगळ्यांनी गप्प राहायचं ठरवलं."

"तुम्ही ठरवलंत. मला कुणी विचारलं होतं?" मग जावयाला म्हणाल्या, "त्यात माझ्या पोराचा आवाज होता. ओरडून ओरडून घसा असाच बसलेला असायचा."

जावयाला नाही म्हणवेना. तो ओरडला, पण आवाज अर्धाच निघाला. या वेळी उत्तर नदीवरून आलं नाही. गल्लीच्या तोंडाशी, कोपऱ्यावरच्या बंद घराजवळून आलं. एकच गळा. घोगरा, हसरा.

सासऱ्यांनी धडपडत खिडकी लावून घेतली.

पुढच्या सामन्याला जावई लवकर येऊन बसला. सामना सुरू झाला तशी त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. दुकानासमोर बायका उभ्या होत्या, काही म्हातारेही. कुणी टीव्ही बघत नव्हतं. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"यांना कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"सांगायला कशाला हवं? त्या दिवशी सगळ्यांनीच ऐकलं," बायको म्हणाली.

उत्तरार्धात गोल झाला. आयुष्यभर फुकट ओरडलेला तो माणूस सावकाश उठून उभा राहिला. बायकोने त्याचा हात धरला, पण अडवलं नाही. तो ओरडला.

अख्खी गल्ली कानात प्राण आणून उभी राहिली. मग पावलं ऐकू आली, पुष्कळ, धावत येणारी. रस्त्यावर दिसत कुणीच नव्हतं. उभ्या बायका एकेक करून वळल्या आणि आपापल्या घरांची दारं उघडायला झपाझप चालू लागल्या.

दुकानाच्या दारावर थाप पडली.

सासूबाई उठल्या. सासऱ्यांनी या वेळी त्यांना थांबवलं नाही, ते मशीनला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "कडी वरची आहे, तुझा हात पोचणार नाही. मी काढतो."