गवंड्याच्या मानेवरची सुन्नी

मित्रांनो, मी एक जुनी सुन्नी आहे. जळवेसारखा एक जीव: बोटाएवढी, चपटी, बिनडोळ्यांची; जिला चिकटते ते अंग सुन्न करते, म्हणून सुन्नी. दुसऱ्याच्या रक्तावर जगते, म्हणून लोक मला बांडगूळ म्हणतात. खोटं तरी कसं म्हणू? पण अंडी घालून पसार होणारी आमची जात नाही. वर्षानुवर्षं पोटात वाढवून आम्ही जिवंत पिल्लू जन्माला घालतो, तेही आयुष्यात एकदाच.

जन्मल्यावर तासाभरात उबदार मान मिळाली नाही, तर आम्ही सुकून मरतो. मला मिळाली ती एका गवंड्याची; त्याच्या मुकादमानेच मला तिथे लावलं. त्याचा खांदा इतका दुखायचा की थापीसुद्धा उचलवत नसे. मी त्याचं रक्त प्यायले आणि माझ्या लाळेने त्याच्या अंगातलं सगळं दुखणं बधिर केलं. दुसऱ्याच दिवशी त्याने एकट्याने दोघांचं काम उरकलं. मुकादम त्याची पाठ थोपटून म्हणाला, "वाघ आहेस गड्या!" मला वाटलं, हे कौतुक माझंच आहे.

सात वर्षं असंच चाललं. अंगात ताप असला तरी तो परांचीवर चढायचा.

बायको म्हणायची, "अहो, एक दिवस तरी टेका जरा."

"दुखत नाही, तर टेकू कशाला?"

एका संध्याकाळी तिने त्याचा बूट ओढून काढला आणि किंचाळलीच. तळव्यात खिळा रुतून बसला होता. कधी घुसला, त्याला पत्ताच नव्हता. जखम आतून सडली होती. डॉक्टरांना पाय घोट्यापासून कापावा लागला.

तो घरी आला त्याच दिवशी माझी लेक जन्मली आणि त्याच्या उशीवर पडली. ते कळताच मुकादम डबी घेऊन हजर.

"वहिनी, पिल्लू द्या. नव्या माणसाला लावतो."

"आधी तुमच्या मानेला लावा."

"मला कुठे काय दुखतंय?" तो हसला.

"मग चालते व्हा!"

तो हटेना, ती देईना. उशीतून मला लेकीची वळवळ जाणवत होती. ती दोघं भांडत राहिली आणि वळवळ थांबली. ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मुकादम गेल्यावर गवंडी मानेकडे बोट दाखवून म्हणाला, "आता हिला काढ."

बायकोने मीठ चोळून मला सोडवलं. सात वर्षांचं दुखणं त्याच्यावर एकदम तुटून पडलं. तो गुरासारखा ओरडला. त्याचं डोकं कवटाळून ती रडत म्हणाली, "ओरडा, हवं तेवढं ओरडा."

आता मी डॉक्टरांच्या कपाटात, एका बरणीत आहे. मला पुन्हा पिल्लू होणार नाही.

मित्रांनो, घरात कुणी कण्हत असेल, तर कपाळाला आठ्या घालू नका. जवळ बसा आणि कुठे दुखतंय ते विचारा. कामावर माझ्या गवंड्याला सात वर्षांत हे कुणी विचारलं नाही. मला तर सगळं ठाऊक होतं, पण माझं पोट भरत होतं.