बाटलीतली चिमूट

फ्रिजमधली बाटली राखीने उजेडात धरली. झाकणाभोवतीची पट्टी सुटलेली. तळाशी केशरी-तपकिरी पूड होती, पण काल होती तेवढी नाही.

नऊच्या गाडीने तिला वरठीहून नागपूरला जायचं होतं. बोटाएवढ्या त्या बाटलीत तिच्या संशोधनाची दोन वर्षं होती. मधल्या गाभ्यातून फुटलेल्या फांद्या, फांद्यांना डहाळ्या, आणि टोकाटोकाला रुथेनियम धातूचा अणू, असं ते संयुग. डेंड्रिमर म्हणतात त्याला. नागपूरच्या लॅबमध्ये ते कॅन्सरच्या पेशींवर टाकून बघणार होते. काचेच्या ताटलीतल्या पेशींवर. उंदीरसुद्धा अजून लांब, माणूस तर कुठल्या कुठे. सकाळची गाडी चुकू नये म्हणून तिने कालच कॉलेजातून बाटली घरी आणली, डब्यात घालून, डबा पिशवीत घालून. घरात दीड वर्षाची लेक टीना आहे हे माहीत असून.

तिने आधी टीनालाच उचललं. ओठ पाहिले, जीभ पाहिली, नखं पाहिली. पोरगी हसायला लागली. मग ती ओसरीवर धावली. तंबाखूच्या खर्र्याने तोंडाचा कॅन्सर झालेले सासरे, गोपीचंद, नळीने पेज पीत होते. त्यांना कुणी काही दिलं का, विचारलं तर त्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

सासू शकुनबाई मागे भांडी घासत होत्या. वर न पाहताच म्हणाल्या, "म्या चाटली. काल, गुळासंगं."

"आई, काहून?"

"त्याईले द्याच्या आधी कोणं तरी पाहाले नको? तुमी उंदरायले देता. उंदीर सांगते का तुले, कसं वाटते म्हणून?"

माहेरी, अड्याळला, शकुनबाईंचे वडील झाडपाल्याचं औषध देत. पुडी दुसऱ्याच्या हाती जाण्याआधी घरच्या माणसाने जिभेवर ठेवायची, हा त्यांचा नेम. राखीला तो लग्नापासून ठाऊक होता. आणि हे सासऱ्यांच्याच रोगावरचं आहे, असं काल मोठ्या तोऱ्यात तिनेच सासूला सांगितलं होतं.

टीनाला नवऱ्याकडे, धर्मेंद्रकडे, देऊन तिने सासूला ऑटोत घातलं. सासऱ्यांना सांगितलं, आईंचं बीपी वाढलंय.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, यात काय आहे? तिने भरभर सगळं लिहून दिलं. किती पोटात गेलं? तेही अंदाजाने सांगितलं. विषारी आहे का?

"माहीत नाही," राखी म्हणाली. "तेच बघायला नेत होते."

रक्त तपासायला गेलं, सलाईन लागलं. दुपारपर्यंत राखी स्टुलावरून दहादा उठली, दहादा सासूचं मनगट धरलं. कॉलेजातल्या सरांचे दोन फोन येऊन गेले, तिने उचलले नाहीत. रिपोर्ट ठीक आला. तरी दोन दिवस इथेच ठेवू, डॉक्टर म्हणाले.

"पाय, काही झालं नाही मले," शकुनबाई म्हणाल्या. "आता त्याईले देऊ?"

"नाही, आई. एका दिवसात काही समजत नाही."

"मंग कितीक दिवस?"

वर्षं लागतात, हे राखीच्या ओठांवर आलं. गोपीचंदांकडे महिने होते. "लय," ती म्हणाली.

शकुनबाई कुशीवर वळल्या.

"म्या चाटली म्हणून त्याईले सांगू नको," त्या म्हणाल्या. "रोज माह्या तोंडाकडे पायत बसतीन, आता देतीन का म्हणून."