पाठीमागचा पट्टा

दिराची ही तिसरी परीक्षा होती आणि माझं डोकं सकाळपासूनच फिरलं होतं. फोर्कलिफ्ट शिकवायला गोदामाच्या साहेबांनी अख्खा दिवस कबूल केला होता. मिळाला दीड तास, तोही मधेमधे ट्रक रिकामे करून. तुकडीतले अकरा जण कसेबसे पास झाले. उरला माझा धाकटा दीर.

दोनदा त्याला मी एकाच कारणासाठी नापास केलं होतं. बसण्याआधीच तो सीटचा पट्टा पाठीमागे अडकवून टाकायचा. पट्टा लागला की गाडीची इशाऱ्याची पिपाणी गप्प, आणि हा मोकळा. "गाडी कलंडली की माणूस उडी मारतो आणि वरचं छप्पर त्याच्याच अंगावर येतं. पट्टा असला तर आत राहतो, वाचतो." सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. पालथ्या घड्यावर पाणी!

आज परवान्याच्या कार्डावर माझी सही झाली नाही तर तो पुन्हा हमालीला. घरी सासूबाईंनी आठवडाभर अबोला धरला होता आणि इथे साहेब घड्याळ दाखवत होते. "घरचाच माणूस आहे, द्या ना सही करून!" घरचाच आहे म्हणूनच देत नव्हते, हे कोणाच्या टाळक्यात शिरेल तर शपथ.

माझ्यासमोर त्याने पट्टा पोटावरून लावला. वळण सुरेख घेतलं, माल उचलायचे काटे जमिनीलगत ठेवले. मला खरंच कौतुक वाटलं. मी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात तो वाकडं झालेलं खोकं सरळ करायला उतरला, परत चढला, आणि हात आपोआप मागे गेला. खट्ट. पट्टा पाठीमागे.

माझा तोल सुटला. "कोणी शिकवलं रे तुला हे? नाव सांग त्याचं, आत्ताच्या आत्ता!"

तो हळूच म्हणाला, "वहिनी, तुम्हीच."

"मी?"

"खोकी उचलायचो तेव्हा तीन वर्षं तुमच्याकडेच बघत होतो. सगळ्यांत भरभर गाडी तुमची. पट्टा कायम मागे."

बाकीचे अकरा जण हसले नाहीत. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. शिकवायला लागल्यावर मी ती सवय सोडली होती, आणि कधी नव्हतीच असं धरून चालले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी पुन्हा घड्याळ दाखवलं. मी कोरं कार्ड खिशात घातलं.

"उतर खाली," मी दिराला म्हटलं.

सीटवर बसले आणि पट्टा पोटावरून घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"आता बघ. तेव्हा बघत होतास ना, तसंच बघ."