फ्रिजमधला दिवा

दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरच्या रसायन प्रयोगशाळेत ईथरचा वास आला. दोन त्रेचाळीसला बाहेरच्या व्हरांड्यात सात माणसं उभी होती. आत एक राहिली होती.

सातांमधली सगळ्यात शेवटी आलेली म्हणजे भांडार सांभाळणारी बाई. सगळी प्रयोगशाळा तिला वहिनीच म्हणायची. तिची धाकटी नणंद इथेच कामाला होती आणि पहिल्याच दिवशी तिने चारचौघांत "वहिनी, माझा डबा!" अशी हाक मारली होती. तेव्हापासून प्रमुखांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचीच ती वहिनी झाली.

आत राहिली होती ती ही नणंदच. घरात तिला चिमणी म्हणत.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक अंधारी खोली होती. ज्यांना उजेड सोसत नाही अशा फोटोच्या काचा चिमणी तिथे लाल दिव्याखाली धूत असे. खोलीला खिडकी नाही. व्हरांड्याच्या बाजूला छताजवळ फक्त एक जाळी. दार एकच, बाहेर उघडणारं, आणि त्या दारासमोर हातभर अंतरावर फ्रिज. दार उघडलं की फ्रिजच्या कोपऱ्यावर धप्प आपटायचं. फ्रिजचं रबर सैल झालेलं, त्यामुळे प्रत्येक धप्पला त्याचं दार बोटभर उघडायचं. चिमणी जाता-येता ते कमरेने ढकलून लावायची. फ्रिज दुसरीकडे हलवू, असं दर सोमवारी ठरायचं आणि दर मंगळवारी राहायचं.

"फ्लास्क माझाच आहे," दाढीवाला म्हणाला. तो संशोधन करणाऱ्यांतला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात वेंधळा. "अकराला ठेवला. अर्धा लिटर ईथर. बूच मिळालं नाही, म्हणून तोंडाला फॉइल लावली."

"फॉइल? पोळ्या होत्या का त्यात?" प्रमुख कडाडले. मग आवाज खाली आणून सगळ्यांना म्हणाले, "तरी घाबरायचं कारण नाही. हा फ्रिज घरातल्यासारखा नाही. ज्वलनशील मालासाठीच मुद्दाम बनवलेला आहे. आत बटण नाही, दिवा नाही, ठिणगी पडेल असं काही म्हणजे काहीच नाही. वाफ साठली असेल तर साठू दे. तिला हाक मारा. नाक दाबून पळत ये म्हणावं."

दाढीवाला जाळीखाली गेला आणि त्याने तोंडाशी हात धरले.

इथे उभ्या असलेल्या सात जणांत एक गोष्ट फक्त वहिनीला माहीत होती.

तीन आठवड्यांपूर्वी फ्रिज थंड होईना. कंपनीचा माणूस महिनाभर येणार नव्हता. माल तर ठेवायचाच होता. उपाहारगृहाचा फ्रिज दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रीला तिने जिन्यातच गाठलं आणि वर आणलं. मिस्त्री मनाने चांगला. फ्रिज उघडून तो हसलाच. "बाई, एवढं मोठं धूड आणि आत दिवा नाही? कंपनी विसरली की काय?" तिलाही ते पटलं. अंधारात बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता येत नाहीत म्हणून रोज कुणी ना कुणी कुरकुरायचं. मिस्त्रीने भंगारातल्या घरगुती फ्रिजचं सामान आणून बसवलं. फ्रिज थंड होऊ लागला, आणि दार उघडलं की आत दिवा लागायचा. कंपनीनेच बसवला असं धरून सगळ्यांनी वाहवा केली. प्रमुख तेव्हा परिषदेला गेले होते. परत आल्यावर त्यांना फ्रिज उघडायचं कारण पडलं नाही. वहिनीने कामाच्या कागदावर सही केली: "दिवा बसवला. काम समाधानकारक."

"थांब!" ती ओरडली. दाढीवाल्याचे हात तोंडापाशीच राहिले. "सर, त्यात दिवा आहे."

"कशात?"

"फ्रिजमध्ये. मी बसवून घेतलाय. दार उघडलं की लागतो."

प्रमुखांची नजर प्रयोगशाळेच्या दाराकडे गेली. तिकडेच बघत त्यांनी विचारलं, "आणि थर्मोस्टॅट? तो मागे, बाहेरच्या अंगाला होता. तो कुठंय?"

"मिस्त्री म्हणाला, आतच असतो. आत लावलाय."

दाढीवाल्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा न घालता हातातच धरला.

आता वहिनीला सगळं उलगडून सांगायची गरज नव्हती. आठ वर्षं तिने ईथरच्या बाटल्या मोजून दिल्या होत्या. चिमणीने दार ढकललं की धप्प होणार, फ्रिज बोटभर उघडणार, दिव्याचा खटका हलणार. आणि तिने दार नाही ढकललं तरी सुटका नव्हती. पुरेसा थंड झाला की फ्रिज आपोआप बंद होतो, तेव्हा थर्मोस्टॅट टक् करतो. त्या टक् मध्ये राईएवढी ठिणगी असते. स्वयंपाकघरात तिचं काही चालत नाही. ईथरच्या वाफेत ती एकच पुरते.

"घरघर चालू आहे तोवर टक् झालेला नाही," प्रमुख पुटपुटले. "मेन स्विच! वायरमनला बोलवा. खालूनच बंद करू दे. इथल्या एकाही बटणाला हात लावू नका."

दाढीवाला जिन्याकडे धावला. कुणीतरी खाली जाऊन अग्निशमन दलाला फोन केला. वहिनी स्टुलावर चढली. जाळीपर्यंत तोंड जेमतेम पोचलं.

"चिमणे! ऐकतेस?"

"वहिनी? कसला गोंधळ चाललाय? आणि हा वास केवढा सुटलाय! दाढीवाल्याने आज अंघोळ केली की काय?"

"दार उघडू नकोस. कडीला हातही लावू नकोस."

चिमणीचा आवाज बारीक झाला. "का गं?"

"फ्रिजमध्ये ईथरची वाफ साठलीय. फ्रिजची घरघर ऐकू येते का तुला?"

"येते. दारापलीकडेच तर आहे तो."

"तिच्याकडे कान ठेव. बंद झाली की सांग. आणि ओढणी ओली करून दाराच्या फटीत दाब. ही वाफ जमिनीवरून सरपटत येते."

नळाचा आवाज आला. वहिनीचा तळहात भिंतीवर होता, आणि भिंत गार होती. दोन एक्कावन्न. दोन बावन्न. तो फ्रिज किती वेळ चालतो आणि किती वेळ थांबतो, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. कोण पाहतं?

दोन त्रेपन्नला व्हरांड्यातले दिवे गेले.

"वहिनी, थांबली!"

"लाईट घालवलीय आम्हीच. आता ठीक आहे. आता—"

खाली आवाराच्या टोकाला काहीतरी खोकल्यासारखं वाजलं, मग धडधडू लागलं. व्हरांड्यातले दिवे पुन्हा लागले.

"वहिनी, परत सुरू झाली."

जनरेटर. वीज गेली की अकरा सेकंदांत तो आपला आपण चालू होतो. या सोयीचं प्रयोगशाळेला भारी कौतुक होतं. लाल सॉकेटवर जे काही लावलं असेल ते कधी बंद पडत नसे, आणि फ्रिज लाल सॉकेटवर होता. तो तिथे लावा म्हणून अर्जही वहिनीनेच केला होता.

प्रमुख कठड्यावरून वाकून खाली ओरडत होते, "जनरेटर! अहो, जनरेटर बंद करा!" खाली वायरमन हाताने "काय?" अशी खूण करत होता. दाढीवाला पुन्हा जिन्याने धावला.

"वहिनी, बाहेर येऊ का मी? हळूच दार लोटते. आपटू देणार नाही."

"नाही."

"मला मळमळतंय."

"चिमणे, त्या फ्रिजमध्ये मी दिवा लावून घेतलाय. तुझं दार जरा लागलं तरी तो पेटेल. माझ्या हातून झालंय ते. नको येऊस."

वहिनीला वाटलं, आता ती रडेल किंवा आपल्याला बोल लावेल.

"दिवा बरा होता गं," चिमणी म्हणाली. "बाटल्या दिसायच्या."

अग्निशमन दलाची गाडी तीन वाजून चार मिनिटांनी आली. सायरन फाटकातच बंद केला होता. अधिकारी मध्यमवयीन होते. त्यांनी वहिनीला स्टुलावरून उतरवलं नाही. खाली उभं राहूनच सगळं विचारून घेतलं: किती ईथर, कधीपासून, दारापासून फ्रिज किती अंतरावर. तिने दिव्याचंही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि माणसांना जिन्यापाशीच थांबवलं. "फ्रिजची वीज पक्की तुटल्याशिवाय कुणी आत जायचं नाही. भिंत फोडायची तर यंत्राच्या ठिणग्या उडणार. छिन्नीचंही तेच."

तीन सातला जनरेटर थांबला. धडधड गेली, दिवे गेले.

"थांबली का?" वहिनीने विचारलं.

"थांबली."

अधिकाऱ्यांनी हाताने पाच दाखवले: पाच मिनिटं थांबू. घरघर परत आली नाही. तीन बाराला हात वर करून ते वहिनीला म्हणाले, "तिला सांगा, अंधारात घाई करू नकोस. आधी दार कुठंय ते हाताने शोध, मग मी सांगेन तेव्हा—"

वहिनीने जाळीला तोंड लावून तसंच सांगितलं.

"अंधार कुठंय?" चिमणी म्हणाली. "माझा लाल दिवा चालूच आहे की."

अधिकाऱ्यांचा वर केलेला हात तसाच राहिला. "तो कशावर आहे?"

प्रमुखांनी वायरमनकडे पाहिलं. वायरमन धापा टाकत नुकताच वर आला होता. "बॅटरीवर असेल साहेब. तळघरात बॅटऱ्या आहेत. मागच्या वर्षी दुसऱ्या लोकांनी वायरिंग केलं. त्यावर काय काय जोडलंय, ते—" त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "पाहावं लागेल."

"फ्रिज आहे का त्यावर?"

"नसावा."

"नसावा की नाही?"

"पाहावं लागेल."

आता घरघर नव्हती, आणि तिच्यावरून काही ठरवताही येत नव्हतं. मोटर बॅटरीवर चालत नाही, पण फ्रिजमधला दिवा तिच्यावर जिवंत असेल की नाही, हे बाहेरून कुणालाच सांगता येईना. असेल, तर चिमणीचं दार फ्रिजला लागताच त्याचा खटका ठिणगी टाकणार.

वायरमन दोन जवानांना घेऊन तळघरात उतरला. वहिनी स्टुलावरच होती. चिमणी भिंतीच्या पलीकडून दर मिनिटाला भिंतीवर एकदा बोट वाजवत होती. तसं त्या दोघींनी ठरवलं होतं. बोलण्याने आतली हवा संपू नये म्हणून.

तीन वाजून एकतीस मिनिटांनी तळघरातून निरोप आला, की बॅटरीच्या पेटीतून तिसऱ्या मजल्यावर दोन वायरी गेल्या आहेत. एक लाल दिव्याची. दुसरी कुठे जाते, ते वायरमन आणि जवान शोधत होते.