शालिकरामचा पक्का रंग

आमच्या वस्तीच्या विहिरीचं पाणी गोड होतं. नागपुरात पाचपावलीच्या त्या अंगाला बाकी सगळीकडे खारं, त्यात डाळ शिजायची नाही. पलीकडच्या गल्लीतल्या बाया डोक्यावर पाण्याचे रिकामे गुंड घेऊन आमच्याकडे येत, आणि आम्ही थोडा भाव खाऊन मग त्यांना भरू देत असू.

विहिरीच्या जवळच माझ्या दिराचं, शालिकरामचं, सूत रंगवायचं छप्पर होतं. वस्तीत घरोघर हातमाग. माग आम्ही चालवायचो, सूत तो रंगवून द्यायचा. लाल रंगात त्याचा हात कोणी धरत नसे. गिऱ्हाईक आलं की छाती काढून म्हणायचा, "कापड फाटंल, पण माहा रंग जाणार नाई."

उरलेलं रंगाचं पाणी आधी तो लांब नाल्यावर नेऊन ओतायचा. काम वाढलं तसा त्याला त्याचा कंटाळा आला. छपरामागेच त्यानं एक खड्डा खणला आणि सगळं त्यात सोडायला लागला. सकाळी भरलेला खड्डा संध्याकाळी रिकामा.

"भाऊजी, हे पाणी जाते कुठं?" मी एकदा विचारलं.

"जमीन पिते, वहिनी."

"आन् जमिनीतून विहीर काय पिते?"

तो हसला. "तुमच्या गुंडात लाल पाणी आलं का कधी? नाई ना? मग!"

लाल पाणी आलं नव्हतं, हे खरं. पण मला चवीत फरक लागत होता. पाणी प्यायलं की जीभ आखडल्यासारखी व्हायची. माझ्या सुनेला, चारुशीलेला, पहिल्यांदाच दिवस गेले होते आणि तिला तहान फार. प्रत्येक वेळी तिला तांब्या देण्याआधी मी पाणी चाखून पाहायची. मी चारचौघींत बोलून पाहिलं. पण सगळ्यांचं सूत त्याच्याचकडे, बोलणार कोण? बायजाबाई आमच्यात वयानं आणि तोंडानं सगळ्यांत मोठी. ती म्हणाली, "तुई जीभच म्हातारी झाली वं, गोपिका."

मग दसरा आला. धम्माची दीक्षा घेतल्यापासून आम्ही त्या दिवशी पांढरं नेसून दीक्षाभूमीवर जातो. तेव्हा प्रत्येकीकडे एकच पांढरं लुगडं, तेही वर्षभर पेटीत पडून पिवळं झालेलं. म्हणून आदल्या दिवशी ते सोडा घालून उकळायचं. त्या वर्षी बायजाबाईच्या मनात आलं, चुली वेगळ्या कशाला? वस्तीत लग्नाचा भात रांधायचा मोठा गंज होता. तो घासूनपुसून, विहिरीच्या पाण्यानं भरून अंगणातल्या चुलीवर चढवला. सगळ्यांची लुगडी त्यात, माझ्या जावेनं, इंदूनं, शालिकरामचा दसऱ्याचा सदराही टाकला. सोडा टाकला. आणि कोणीतरी ओंजळभर मीठही टाकलं. सूत रंगवताना रंग धरावा म्हणून सोड्यामागून मीठ पडतंच, शालिकरामला हातभार लावून हे आमच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की कोणालाही वावगं वाटलं नाही. उन्हात बसून, गाणी म्हणत, आम्ही काठीनं लुगडी हलवत राहिलो.

काढली तर सगळी गुलाबी.

एकीनं आपलं लुगडं पिळून पुन्हा पाहिलं. मग इंदू फिस्सकन हसली, आणि तिच्या मागे आम्ही सगळ्या. हसता हसता दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणीही आलं, कारण दुसरं लुगडं कोणाकडेच नव्हतं.

आवाज ऐकून शालिकराम आला. दोरीवरचं एक लुगडं त्यानं उन्हात धरलं, चिमटीत चोळून पाहिलं. "वा! काय एकसारखा चढला हो! डाग नाई, धब्बा नाई. कोण्या रंगाऱ्यानं केलं हे?"

"तूनंच गा," बायजाबाई म्हणाली. "विहिरीच्या पाण्यात."

त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग तो सावरला. "गंजाले कोणीतरी रंगाचा हात लावला असंल. नाई तर तुमच्या काठीले रंग होता. पाण्याचं नाव काहून घेता?"

मी उठले. त्याच्याच घरात गेले, इंदूची चहाची गंजुली उचलली आणि त्याच्यासमोर विहिरीतून पाणी काढलं. सोडा-मीठ टाकलं आणि हात पुढे केला. "खिशातली दस्ती द्या, भाऊजी."

त्याची दस्ती म्हणजे इस्त्रीचा रुमाल, पांढराशुभ्र. त्याच्याच चुलीवर ती उकळायला ठेवली. वस्ती सगळी दारात. त्यानं स्वतःच चिमट्यानं ती बाहेर काढली.

गुलाबी.

"याच पाण्याचा चहा पिऊन राहिले तुमी सकाळपासून," इंदू म्हणाली. "आन् चारुशीलाही याच पाण्यावर जगून राहिली."

शालिकरामनं दस्तीकडे पाहिलं, मग माझ्या सुनेकडे. दस्ती त्यानं पिळून काढली. मग हळूच म्हणाला, "ब्लिचिंगमध्ये टाकून पाहू का लुगडी?"

"काहून? तुया रंग पक्का हाय ना?" बायजाबाई म्हणाली. "आमी अशाच जाऊ. कोणी विचारलं तं सांगू, शालिकरामनं रंगवले म्हणून."

"बाई, हात जोडतो. लाखो लोक येतात तिथं!"

"मंग खड्डा बुजवा," मी म्हणाले. "आजच."

"बुजवतो वहिनी. पण पाणी टाकू कुठं? नाल्यात टाकलं तर तिथंही कोणी कपडे धुतच असंल."

प्रश्न खरा होता. उत्तर दोरीवरच वाळत होतं. इंदू म्हणाली, "एवढ्याशा रंगात एवढी लुगडी निघाली. तुमी अर्धा रंग फेकूनच देऊन राहिले! उरल्या पाण्यात अजून सूत बुडवा ना."

त्या संध्याकाळी खड्डा बुजला. फावडं शालिकरामच्याच हातात होतं. तेव्हा कुठं बायजाबाईनं त्याचं नाव न घेण्याचा शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही वस्तीतून निघून रामदासपेठेवरून दीक्षाभूमीवर गेलो, सगळ्या गुलाबी, आणि मधोमध गुलाबी सदऱ्यात शालिकराम. पांढऱ्या गर्दीत आमचा घोळका लांबून ओळखू येत होता. एका खेड्यातल्या बाईनं विचारलं, "हे कोण्या गावची रीत वं?"

बायजाबाईनं शब्द पाळला. "आमच्या विहिरीची," एवढंच म्हणाली.

त्यानंतर शालिकराम लाल काढून झाला की त्याच पाण्यात गुलाबी काढायचा, मग त्याहून फिकं. शेवटी उरेल ते थोडं गढूळ पाणी तो पसरट टाक्यात उन्हात आटवायचा. विहीर मात्र लगेच सुधारली नाही. तोवर आम्ही पलीकडच्या गल्लीतून खारं पाणी आणलं, आणि भाव खाण्याची पाळी त्यांची आली. डाळ शिजेना. चारुशीलेला मुलगी झाली. गुलाबी लुगड्यांतल्या एकाची दुपटी तिलाच झाली.

अधूनमधून मी विहिरीचं पाणी काढून त्यात चिंधी उकळून पाहायची. पुढचा पावसाळा सरला तेव्हा चिंधी पांढरीच निघाली. तरी खात्री म्हणून मी ती शालिकरामला दाखवली. त्यानं ती उन्हात धरली, उलटीपालटी केली, आणि मान हलवली. मग मीच नातीला चमच्यानं आमच्या विहिरीचं पाणी पाजलं. तिनं आणखीसाठी तोंड उघडलं.

त्या दसऱ्याला शालिकरामनं वस्तीला पांढरं सूत दिलं आणि आम्ही आमची लुगडी स्वतःच्या मागावर विणली. तो स्वतः मात्र तोच सदरा घालून आला. इंदूनं तो वर्षभर घासघास घासला होता. कॉलर फाटली होती, रंग जसाच्या तसा होता.