आधी मेंढा तपासायचा

न्हावऱ्याच्या पंचक्रोशीत गेणबाच्या हातावर लोकांचा डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास, अर्थात मेंढ्यांपुरता. मेंढरं विकून उसात पाय रोवल्याला दहा वर्षं झाली होती, तरी कुणाला मेंढा घ्यायचा असला की गेणबाला गाडीवर मागं बसवून बाजारात न्यायचे. म्हातारा मेंढ्याच्या मागं उकिडवा बसायचा, डोळे मिटायचा आणि खाली हात घालून दोन्ही अंडं चाचपायचा. एक चिलीम ओढून होईस्तोवर निकाल तयार. घ्या, नाहीतर नका घेऊ. कुणी कारण विचारलं तर म्हणायचा, "कळप गाभ न धरता रिकामा ऱ्हायला तर आधी मेंढा तपासायचा. त्याचं समदं भायेर असतंय, हाताला लागतंय. मेंढीच्या पोटात कोण बगणार?"

हे शहाणपण बाजारापुरतं. घरात सून प्रतिभा सात वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवत होती. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, पोटात दुर्बीण घालून झाली. फाइल विटेएवढी जाड झाली. नवरा हनुमंत सणसवाडीला कारखान्यात भट्टीवर कामाला. तो तिला दवाखान्याच्या दारात सोडायचा आणि स्वतः बाहेर वडापाव खायचा. सासू रतनबाई वाट बघून थकली होती, बोलून मात्र थकली नव्हती. "दिवाळीला खुटबावला माह्यारी गेली की हिला माघारी आणायची न्हाई. हनुमंताला दुसरी बगू," असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. प्रतिभाच्या कानावर ते गेलं. माहेरी न्यायची पिशवी तिनं माळ्यावर टाकून दिली.

दिवाळी महिन्यावर आली तेव्हा तिनं आणखी एक दवाखाना शोधून काढला. दौंडला दर गुरुवारी पुण्याहून एक डॉक्टरीणबाई यायच्या, डॉक्टर मोनिका. हनुमंताची कारखान्यात पाळी होती म्हणून सोबतीला गेणबा गेला. बाकावर सगळे बाप्येच खाली माना घालून बसलेले बघून त्याला नवल वाटलं. बायकांच्या दवाखान्यात एवढे गडी कशाला, असं त्याच्या मनात येतंय तोवर नंबर लागला.

मॅडमनी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. "यात मिस्टरांचा एकही रिपोर्ट नाही?"

"न्हाई मॅडम," प्रतिभा म्हणाली. "तेच आबांच्या कानावर घालायचं व्हतं. म्हून त्यास्नी आणलं."

गेणबानं चमकून सुनेकडं बघितलं. मॅडम त्याच्याकडं वळल्या. "आबा, मूल होत नसेल तर पुरुषाची तपासणी सुरुवातीलाच करायची. सुई नाही, कापाकापी नाही. पुरुषाचं तर सगळं बाहेरच असतं."

आपलंच वाक्य असं खुर्चीत बसून ऐकताना गेणबाचे कान तापले. पण म्हातारा जात्याच चौकस. लाज एकीकडं आणि प्रश्न एकीकडं.

"मॅडम, पर ते भायेर का ठिवलं आसंल देवानं?"

मॅडम हसल्या. "गार राहायला. अंगापेक्षा दोन-तीन अंशांनी गार लागतं, तरच बीज नीट तयार होतं."

"म्हंजी भट्टीम्होरं हुभं ऱ्हायलं तर?"

"त्रास होऊ शकतो. पण एकट्या भट्टीवर लगेच खापर फोडायला नको. तुमच्या मुलाला वयात येताना गालफुगी झाली होती का? कधीकधी ती खाली उतरते."

गेणबाचे प्रश्न तिथं संपले. हनुमंत तेव्हा तेरा वर्षांचा होता आणि मेंढरं कोकणात उतरली होती. पोराचे गाल फुगले, मग ताप चढला आणि खाली दोन्ही बाजूंना सूज आली. गेणबानं हळदीचा लेप लावला. सूज उतरल्यावर त्यानं चाचपून बघितलं, तेव्हा ती जागा त्याच्या हाताला मऊ आणि बारकी लागली. असा मेंढा त्यानं जन्मात कुणाला घेऊ दिला नसता. पण पोटचं पोर होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्यानं रतनबाईलासुद्धा सांगितलं नाही.

"व्हय," तो म्हणाला. "झालती. खाली उतारलीती." प्रतिभा त्याच्याकडं बघत राहिली.

घरी हनुमंत उसळलाच. "मला काय धाड भरलीय? मी चांगला मर्द गडी हाय."

"मर्द हाईस म्हून तर चल म्हंतोय," गेणबा म्हणाला आणि त्यानं कोकणातली सगळी हकिकत पोराला सांगितली.  पुढच्या गुरुवारी हनुमंत गेला.

रिपोर्टात शून्य आलं. लॅबवाल्यानं दोनदा बघितलं, दोन्ही वेळा एकही बीज दिसलं नाही. हनुमंताचं तोंड बघवत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "डोळ्यांना दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं नसतं. पुण्यात आमचं नवीन संशोधन चालू आहे. यंत्र एका नमुन्याचे लाखो फोटो काढतं आणि कॉम्प्युटर एकेक तपासतो. सापडेलच असं नाही. द्यायचा नमुना?"

हनुमंतानं प्रतिभाकडं बघितलं आणि मान डोलावली.

निकालाच्या गुरुवारी तिघंही गेले. मॅडमनी लॅपटॉप फिरवला. करड्या पडद्यावर नुसता कचरा दिसत होता आणि मधेच एका ठिपक्याभोवती हिरवी चौकट उमटत होती. गेणबा खुर्ची सोडून पडद्याला नाक लावायचा तेवढा राहिला.

"समद्या कचऱ्यातनं कॉम्प्युटरला ह्योच कसा वळखू येतो?"

"त्याला आधी हजारो दाखवून शिकवलंय, आबा."

"आस्सं!" गेणबा खुलला. "घाटात चार कळप मिसळलं तरी मी माजी मेंढी वळखायचो. मलाबी बापानं दावून दावूनच शिकिवलं. किती घावली?"

"पाच. त्यातली तीन हलतायत. ती गोठवून ठेवलीत. पुढं मूल होईलच अशी खात्री मी देत नाही, पण वाट आहे."

हनुमंतानं सगळ्यांदेखत डोळे पुसले. गेणबानं तिथूनच रतनबाईला फोन लावला आणि दवाखानाभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "दुसरी बगायची न्हाई. सुनंत काय बी खोट न्हाई. खोट आपल्या पोरात हाय आन् ती मी झाकून ठिवली." 

हनुमंत तिथूनच पाळीला गेला. सासरा आणि सून एसटी स्टँडकडं चालू लागले. गेणबाच्या डोक्यात अजून ती हिरवी चौकटच फिरत होती.

"आबा," प्रतिभा म्हणाली, "मेंढा तपासायला तुमाला किती वेळ लागायचा?"

"एक चिलीम वडून हुईस्तवर."

ती थोडं चालली. मग म्हणाली, "माजी सात वर्सं गेली."

 गेणबानं तिच्या हातातली जाडजूड फाइल घेतली आणि स्टँड येईपर्यंत छातीशी धरून नेली.